पयला विमा घरच्या बाईचा

मरणाचं नाव काढून माणसांना पोट धरून हसायला लावणारी बाई अख्ख्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. एके काळी ती गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली यायची. आता आरमोरीत राहून घरोघर आयुर्विमा विकते. दोन्ही कामांची तऱ्हा एकच. पाय रोवायचे, हनुवटी आवळायची, समोर बघायचं आणि असा हुंकार द्यायचा की शेजारच्या कोंबड्या कौलावर जाऊन बसाव्यात. विमा एजंटाचा आवाज मधात घोळवलेला असावा लागतो म्हणतात. आमच्या बाईंचा (थोरल्या नणंदेला आम्ही बाईच म्हणतो) आवाज मैदानातून जो निघाला, तो अजून कुणाच्या ओसरीत मावलेला नाही.

त्यांच्या प्रशिक्षणाची गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगतात. साहेबांनी शिकवलं, की गिऱ्हाइकासमोर मरण हा शब्द काढायचा नाही. 'दुर्दैवानं काही बरंवाईट झाल्यास' असं म्हणायचं. बाई उभ्या राहिल्या. "साहेब, बरंवाईट त रोजच होते. कधी भाजीत मीठ जास्त पडते, कधी जावई येते. लोकायले कसं समजन का मरणाचं चालू हाय?" वर्ग हसला, साहेब हसले, आणि तेव्हापासून बाई मरणाला मरणच म्हणतात. गंमत अशी, की ऐकणाऱ्याला त्याची भीती वाटत नाही. एवढ्या धिप्पाड बाईच्या तोंडून मरणसुद्धा गावातल्याच कुणासारखं वाटतं, ज्याला एकदा बोलावून दम देता येईल.

चार किलोचा लोखंडी गोळा अजून त्यांच्या स्कुटीच्या डिकीत असतो. दारात गेलं की जयभीम, रामराम किंवा जय सेवा, जसं घर तसं. मग गोळा काढून थेट घरधन्याच्या हातात. "पकडा जरा भाऊ, मी पाणी पितो." (झाडीत बायकाही 'पितो', 'जातो' असंच बोलतात.) बाई सावकाश तीन गिलास पाणी पितात. तोवर बिचारा गोळा पोटाशी धरून उभा. जमिनीवर ठेवावा तर सारवण फुटेल, खाटेवर ठेवावा तर खाट. गोळा हातात असलेला माणूस उठून पळू शकत नाही, हे बाईंना पुरतं ठाऊक आहे.

या गोळ्यापायी एकदा माझा जीव जायची वेळ आली होती. सुटीचा दिवस, एटापल्लीकडे निघालो होतो, मी मागं बसलेली. वाटेत नक्षलवाद्यांसाठी लावलेली नाकाबंदी, चार जवान. जवानानं विचारलं, "डिकीत काय आहे?" बाई सरळ म्हणाल्या, "गोळा." शब्द तोंडातून पडायचा अवकाश, चौघंही दहा पावलं मागं सरकले. मी शाळामास्तरीण, आयुष्यभर पोरांना हात वर करायला लावलेले. त्या दिवशी माझेच दोन्ही हात वर गेले. बाई मात्र शांत. "अजी, फुटनारा नाई, फेकनारा हाय!" आणि पुरावा म्हणून त्यांनी तिथंच पदर खोचला, गोळा मानेशी टेकवला, गिरकी घेतली आणि दिला सोडून. पलीकडच्या पळसाच्या झुडपात तो धप्पकन पडला. एक जवान धावत जाऊन घेऊन आला, त्यानंही फेकून पाहिला, बाईंच्या निम्म्यावरसुद्धा गेला नाही. आम्ही निघालो तेव्हा दोघा जवानांनी आपापल्या बायकांची नावं आणि जन्मतारखा बाईंच्या वहीत लिहून दिलेल्या होत्या.

बायकांचीच, हो. बाईंचं सगळ्यात मोठं वेड हेच. घरातला पहिला विमा घरच्या बाईचा. बाकीचे एजंट समजावायचे, की विमा कमावत्याचा काढतात. बाई म्हणायच्या, "जे मेल्यावर घरची चूल इझते, त्याले कमावता म्हनतो मी." यापायी कितीतरी घरांनी त्यांना हसून परत पाठवलं. त्यांचा नेम होता, कोणत्याही घरी तीनदाच जायचं. मैदानात पहिल्यांदा तीनच फेकी मिळतात. तीनांत जमलं नाही तर बूट काढायचे.

मुखरूभाऊच्या घरी त्यांच्या दोन फेकी वाया गेल्या होत्या. आरमोरीजवळच्या खेड्यातला हा धानाचा शेतकरी, सुखवस्तू आणि हट्टी. पहिल्यांदा बायकोच्या विम्याचं काढलं तर म्हणाला, "सयाचा विमा? ते काय कमावते? घरीच त राह्यते." दुसऱ्यांदा गोळा हातात धरून हसत म्हणाला, "बैलाचा विमा काढता का बाई? बैल कामाचे हायेत." बाईंनी गोळा काढून घेतला, स्कुटी चालू केली आणि त्या दिवशी पुढचं एकही घर न करता त्या सरळ घरी आल्या.  

तिसऱ्यांदा गेलो ते ऐन रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत. रविवार होता म्हणून मी सोबत होते. मुखरूभाऊ ओसरीत डोकं धरून बसलेला. मुलीचं बाळंतपण आधीच आलं, म्हणून सयाबाई तडकाफडकी लेकीच्या गावी, जिवतीला गेली होती. चूल थंड होती, म्हातारी आई जेवणासाठी हाका मारत होती, पण खरं दुखणं वेगळंच होतं. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटायला आले होते, बांधीच्या खाचरात पाणी भरलेलं होतं आणि रोवायला एकही बाई येत नव्हती.

"काऊन येत नाई?" बाईंनी विचारलं.

"मी बलावलं ना. त म्हनतेत, आमचा बोलाचाल सयाबाईसंग होता. ते आमच्या बांधीत आली होती, म्हनून आम्ही तिच्या बांधीत येत होतो. तुमाले आम्ही वळखत नाई." मुखरूभाऊनं डोकं वर केलं. "माया घरी धान येते, ते मी आणतो असंच समजून राह्यलो होतो, बाई."

मला वाटलं, आता बाई कागद काढणार. याहून चांगली वेळ कुठली? पण त्यांनी डिकी उघडलीच नाही. त्या तशाच गावात शिरल्या. "सयाबाईच्या नावानं चाला वो! मुखरूभाऊसाठी नका येऊ, पन सयाच्या बांधीचा पऱ्हा पिवळा होऊन राह्यला," असं दारोदार ओरडत. अकरा बायका निघाल्या, बाराव्या बाई आणि तेरावी मी. चिखलात वाकून रोवताना बाईंची रांग सगळ्यांच्या पुढं आणि सगळ्यांहून वाकडी. रोवणाऱ्या खदखदून हसत होत्या. दोन दिवसांत रोवणा आटोपला. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पुढचे चार दिवस शाळेत काठी टेकत गेले.

मुखरूभाऊ शेताच्या धुऱ्यावरून म्हणाला, "बाई, कागद काढा."

"सही तिची लागते, भाऊ. तिले येऊ द्या."

सयाबाई नातवाचं करून परतल्यावर आम्ही पुन्हा गेलो. बाई मोजायला विसरल्या असाव्यात, ही चौथी खेप होती. सयाबाई आधी भडकलीच. "माया मरनाची तयारी करून राह्यले का तुमी?" मग खांबाला टेकून ऐकू लागली. बाई एकेक रकाना वाचत भरत होत्या. नाव, वय, गाव. 'व्यवसाय' आला तेव्हा त्यांनी पेन थांबवलं आणि मुखरूभाऊकडं पाहिलं. "काय लिहू? घरकाम?"

मुखरूभाऊनं खांबाला टेकलेल्या सयाबाईकडं पाहिलं. "शेतकरी लिहा," तो म्हणाला.

"अवो, खोटं लिहान त पाप लागन," सयाबाई पुटपुटली.

"खोटं नाई. लिहा बाई."

सयाबाईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, हात धुऊन आली आणि एकेक अक्षर कोरत सही केली. त्या हंगामात अकरा रोवणाऱ्यांपैकी नऊ जणींच्या कागदांवर 'शेतकरी' लागलं. बाकी दोघींचे नवरे अजून गोळा धरून उभे आहेत, असं बाई म्हणतात.

यंदा चंद्रपुरात बाईंचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि हातभर उंच ढाल. मोठ्या साहेबांनी यशाचं गुपित विचारलं. बाईंनी माईक बाजूला सारला, त्यांना तो लागतच नाही. "मायी माय मेली तवा मी राज्याच्या स्पर्धेत होतो. घरी बाप धडधाकट होता, शेत होतं, बैल होते. तरी घर बसलं. मी वापस आलो, गोळा ठेवला अन् चूल धरली. घराचा कमावता कोन होता, ते तवा समजलं." एवढं बोलून त्या खाली उतरल्या. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आई गेली तेव्हा माझा नवरा तिसरीत होता. त्याला भरवून, न्हाऊ घालून, शिकवून बाईंनीच मोठं केलं. लग्न करायचं तेवढं राहून गेलं.

परतीच्या एसटीत ढाल मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल मागं जात होतं. मी विचारलं, "बाई, तुमची स्वतःची पॉलिसी कुठली आहे?"

"मले कायले पायजे? माया मागं कोनाचं काय अडते?" त्या अगदी सहज म्हणाल्या.

 मी म्हणाले, "आमचं अडेल."

 बाईंनी ढाल माझ्या मांडीवर सरकवली, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि घटकाभरात घोरू लागल्या. वजन काही कमी नव्हतं. पण आरमोरी येईपर्यंत मी हलले नाही.