सगळ्यांचे दहापैकी दहा

मुन्सिफचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ट्युनिशियातल्या बिझर्त शहरात एका कारखान्यात गाड्यांसाठी तारांच्या जुड्या बनत, आणि तो तिथे चौदा बायकांचा सुपरवायझर होता. वर्षातून एकदा कामगार नाव न लिहिता आपल्या सुपरवायझरला गुण देत. त्यावर त्याची पगारवाढ ठरे. यंदा ती वाढ मुन्सिफला बायकोच्या, सलवाच्या, कबरीवर संगमरवर बसवायला हवी होती. बायकांना हे ठाऊक होतं. चौदाही जणींनी त्याला दहापैकी दहा दिले.

साहेबाने गुणांचा कागद पुढे सरकवला. "सगळ्यांचे सारखे? दम दिलास की मिठाई वाटलीस?"

"दोन्ही नाही, साहेब."

वाढ नामंजूर झाली.

दुपारी त्या चौदांपैकी जमीला, नावाआधी आदराचं 'सी' लावत, हसत म्हणाली, "काय सी मुन्सिफ, वाढ खिशात, मग आमची मिठाई कधी?"

"उद्या आणतो," तो म्हणाला. खरं सांगून त्यांना रडवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मिठाई आणली, वाटली, आणि वाढीचा विषय पुन्हा निघू नये म्हणून जेवणाचा डबा घेऊन एकटाच मागच्या जिन्यावर जेवायला बसला. पुढे रोज तिथेच बसू लागला.

दीड वर्ष दर रविवारी त्याने जादा पाळी केली, आठ तास उभं राहून स्वतः तारा बांधल्या. त्या पैशांतून सलवाच्या कबरीवर संगमरवर बसला.