दादाले दिलेली माझी गाडी

अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहून राह्यली.

माझी मोटरसायकल तुम्ही फोटोत पाह्यली आहे. जुन्या थाटाची, गोल हेडलाइटची, हिरव्या टाकीची. माझ्या पगाराची आहे आन् मीच चालवते.

आज काकाचा पोरगा, आमचा दादा, लांजीले पोरगी पाहाले गेला. "तुझी गाडी दे, इम्प्रेशन पडते," म्हणे. दिली. मी घरच्यांसोबत मागून जीपमध्ये गेली.

पोहे झाले. पोरीनं खिडकीतून गाडी पाह्यली आन् विचारलं, "तुमची आहे का? मलेही शिकाची आहे."

दादा म्हणे, "हौ, माझीच. पण आमच्या घरच्या बाया गाडी चालवत नाहीत."

मी तिथंच बसली होती!

उठली, टेबलावरची चाबी उचलली. पोरीले म्हटलं, "शिकाची असन तर मले सांग, मी शिकवते." आन् गाडी काढून सरळ बालाघाटचं घर गाठलं.

पोरीवाल्यांनी नकार कळवला. घरचे मलेच विचारून राह्यले, "काहून मोडली त्याची सोयरीक?"

आन् आत्ता दादाचा मेसेज आला: "रविवारी बिरसाले दुसरी पोरगी पाहाची आहे. गाडी देशीन ना?"

काय उत्तर देऊ त्याले? मले सभ्य भाषेत सुचूनच नाही राह्यलं.