परमिट वापस कर

या स्तंभातले अतर्क्य अनुभव मी आजवर एका ठरावीक पद्धतीने वाचत आले : पेन्सिल घेऊन. निवेदकाने वेळ कुठे गृहीत धरली, साक्षीदार किती, त्यांतला स्वतंत्र कोण – समासात खुणा करत. बहुतेक अनुभव दुसऱ्या परिच्छेदातच कोसळतात. मी धातुविज्ञानात पीएच.डी. करते, पुरावा म्हणजे काय, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. म्हणूनच खाली जे लिहिते आहे, त्याच्या समासात मला स्वतःलाच खुणा करता आलेल्या नाहीत, हे आधी सांगते.

आम्ही भिलाईचे. बाबा मूळचे वर्ध्याकडचे. स्टील प्लांटच्या एका सबस्टेशनमध्ये शिफ्ट इन-चार्ज होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घर सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये – आई, बाबा आणि मी.

गेल्या वर्षी मी उत्तराखंडातल्या एका सीमावर्ती खोऱ्याचा ट्रेक ठरवला. खोऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या चौकीवरच्या लोकांना माझ्यामुळे प्रश्न विचारले जाऊ नयेत. अशा प्रतिबंधित भागात जायला इनर लाइन परमिट लागतं. नियोजन माझ्याकडे होतं आणि ते मी एखाद्या प्रयोगासारखं केलं : ठाण्यातून चारित्र्य प्रमाणपत्र, डॉक्टरांचं फिटनेस, प्रतिज्ञापत्र, फोटो, आणि प्रत्येक चौकीवर जमा करायला परमिटच्या प्रती. सॅटेलाइट फोन नागरिकांना नेता येत नाही आणि रस्ता संपला की नेटवर्कही संपतं, म्हणून घरी रोजच्या मुक्कामांचा तक्ता लावून ठेवला. अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात बाबांचं नाव आणि मोबाइल नंबर.

परमिट हातात आलं तेव्हा सिविक सेंटरला झेरॉक्स काढायला बाबा माझ्यासोबत आले.

“काऊन वं, एवढ्या कॉप्या? पहाड चढून राहिली का जमीन विकून राहिली?”

“बाबा, प्रत्येक चौकीवर एक द्यावी लागते.”

“आन् वापस कोणाले करायचं?”

“वापस नाही करायचं. तारीख संपली की परमिट संपलं.”

बाबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. “वापस नाई करायचं? मंग ते परमिट कायचं? पर्ची झाली ते!”

झेरॉक्सवाला हसला. मीही हसले. बाबा नाही हसले.

ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास आम्ही सहाजण शेवटच्या चौकीवर पोहोचलो. त्यापुढे फक्त हिमनदी. परमिट तपासणाऱ्या हवालदारांनी माझं नाव वाचलं आणि विचारलं, “भिलाई वाली मैडम आप ही हैं? चौकी की लाइन पर आपके पापा का मैसेज है.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. वेळ चार वाजून दहा मिनिटं. खाली हिंदीत एक ओळ – ‘परमिट वापस करे. मैं खड़ा हूँ.’

माझ्या मैत्रिणीने, श्वेताने, मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले. “अंकल तो हाजिरी ले रहे हैं यार!”

मला लाज वाटली. खरं सांगायचं तर राग आला. मी तरीही विचारलं, “तबीयत ठीक लग रही थी उनकी?”

“आवाज तो एकदम ठीक थी मैडम. बस, पीछे बहुत जोर से मशीन चल रही थी. चिल्लाकर बोल रहे थे.”

मी मनातल्या मनात उत्तर काढलं. बाबांना परमिटची कल्पना समजलेली नाही. ते अजून झेरॉक्सच्या दुकानातच अडकले आहेत. सेवानिवृत्त माणूस, हातात वेळ, कुठून तरी नंबर मिळवला असणार. परमिटचे चार दिवस शिल्लक. हवामान स्वच्छ. हवालदार म्हणाले, “मैडम, घरवाले बुला रहे हैं तो सोच लो. सुबह हमारी पार्टी नीचे जा रही है, साथ निकल जाना.” मी म्हटलं, “नहीं सर, वो बस चिंता करते हैं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले.

हिमनदी अत्यंत सुंदर होती. मी फोटो काढले, नोंदी केल्या. परतताना चौकीवर सही करताना ती ओळ पुन्हा वाचली आणि वेळेसकट माझ्या वहीत उतरवून घेतली – घरी गेल्यावर बाबांना चिडवायला.

रस्त्याला लागल्यावर फोनला नेटवर्क आलं आणि तो थांबेचना. बाबा गेले होते. ज्या दिवशी मी चौकीवर पोहोचले त्याच सकाळी आठ वाजता ते अंघोळीला जाताना कोसळले. दवाखान्यात नेलं तेव्हापासून बेशुद्धच होते. अकरा चाळीसला गेले. आईने त्यांना, ते गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, शवागारात ठेवायला लावलं – मी येईन म्हणून. मग नातेवाइकांनी तिला समजावलं.

मी पोहोचले तेव्हा बाबांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

आता तपास. तो मी केला. मला दुसरं काही करता येत नव्हतं. चार दहाची वेळ चुकीची असावी, हे पहिलं गृहीतक. पण त्या नोंदीच्या वर पावणेचारची आणि खाली साडेचारची, आमच्याच आगमनाची, नोंद होती. ती मी स्वतः पाहिली. दुसरं – निरोप आदल्या दिवशीचा असावा. पण आईच्या मते बाबांनी कुणालाही फोन केला नव्हता, आणि मोबाइल कंपनीकडून काढलेल्या तपशिलात तसा कॉल नाही. तिसरं – घरच्या कुणीतरी केला. घरच्यांपैकी कुणाकडेही चौकीचा नंबर नव्हता. असता तर त्यांनी खरी बातमीच सांगितली असती. चौकीच्या त्या लाइनवर बाहेरून फोन लागतच नाही, फक्त खालच्या ठाण्यावरून लागतो. तिथे चौकशी केली. त्यांनी असा कुठलाही निरोप वर दिलेला नव्हता. चौथं गृहीतक मला सुचलेलं नाही.

तेराव्याला खुर्सीपारहून मेश्राम काका आले. बाबांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेले. त्यांना मी वही दाखवली. त्यांनी ती ओळ वाचली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

“बाई, तुले हे कोनं सांगतलं?”

“का, काका?”

“आमच्यात मानूस लाइनवर चढते ना, तं पहिले परमिट घेते. लाइन बंद. आता तो खाली येऊन सोताच्या हातानं परमिट वापस करत नाई, तोवर लाइन चालू होत नाई. कोनीबी सांगो. आन् तुहा बाप... शिफ्ट सुटली, बस गेली, तरी पॅनलपाशी खडा. आमी म्हनो, साहेब, दुसऱ्या शिफ्टवाल्याले चार्ज देऊन द्या, घरी जा. तं म्हने – मानूस वर हाये. परमिट वापस येऊ दे. मी खडा हाओ.” त्यांनी डोळे पुसले. “मशीनच्या आवाजात वरडूनच बोला लागे.”

मी त्या शब्दाचा अर्थ तारखांचा कागद असा घेतला होता. बाबांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘तू वर आहेस, खाली ये, तोवर मला जाता येत नाही’ असा होता. भिलाईत वाढलेल्या मुलीला तो कळायला हवा होता.

त्या सकाळी चौकीवरच्या जवानांच्या पार्टीबरोबर मी उतरले असते, तर त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी विमानाने रायपूरला आणि पाचच्या आत घरी पोहोचले असते. हे गणित मी अनेकदा तपासलं आहे. ते बरोबर आहे.

फोन कुणी केला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कदाचित कधी मिळणारही नाही, आणि आता त्याचा हट्टही राहिलेला नाही. मी का परतले नाही, याला मात्र कुठलंही गूढ लागत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच वाक्य सांगते : “पोरीले खबरच नाई भेटली, ते काय करन बिचारी.” मी शेजारी बसून ऐकते. मेश्राम काकांनीही तिला वहीतली ओळ सांगितलेली नाही. आईला काहीच माहीत नाही. समोर बसून तिला सांगायला मी सहा वेळा सुरुवात केली, आणि सहाही वेळा चहा ठेवायला उठले.

हा अंक आमच्याकडे येतो. आधी हे पान उघडायची आईची सवय आहे.

आई, मले खबर भेटली होती.