ट्रस्टची माणसं पाहायला आली तेव्हा

सांडोरला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. त्यांच्या पडवीत गावातल्या म्हाताऱ्या रोज जमायच्या, गप्पा मारायच्या, रोझरीची प्रार्थना म्हणायच्या. पण मागचा संडास जुना, उकिडवं बसावं लागणारा. गुडघे दुखणाऱ्या बायका त्यामुळे जेवणाआधीच घरी परतायच्या. कमोड आणि धरायला दांडा बसवावा म्हणून आम्ही जिल्ह्यातल्या एका ट्रस्टकडे अनुदानासाठी अर्ज केला.

ट्रस्टचे दोघे पाहायला येणार म्हणून बाईंनी पडवी धुऊन काढली. म्हाताऱ्या ठेवणीतली लाल लुगडी नेसून आल्या. कुणी सांदणं आणली, कुणी बागेतली केळी. पाहुणे पोटभर जेवले, गाणी ऐकून खूश झाले. ते निघायला उठले तेव्हा मी त्यांना संडास दाखवायला मागच्या बाजूला नेऊ लागले, तर बाईंनी माझा हात धरला.

"जेवल्या माणसांना ते काय दाखवायचं?" त्या हळूच म्हणाल्या.

काही दिवसांनी ट्रस्टमधून फोन आला. "तुमचं तर छान चाललंय. यंदा जास्त गरजूंना देतोय." मी खूप समजावलं, पण निर्णय झाला होता.

पुढे गुडघे आणखी दुखू लागले तशी एकेक म्हातारी यायची थांबली. आता पडवीत बाई एकट्याच पेपर वाचत बसतात. पुन्हा अर्ज करू या, असं मी परवा म्हटलं.

"आता कुणासाठी?" त्या म्हणाल्या. "मुलांना चाळीस वर्षं सांगत आले, अडचण असेल तर हात वर करा. मलाच जमलं नाही गं."