बायकोच्या नावाचं दुकान

वाशी नुकती वसत होती तेव्हा आमच्या टायपिंगच्या दुकानात एका टेबलाशी एक करसल्लागार बसत. नव्या दुकानदारांची विक्रीकराची नोंदणी करून देत. सरकारी नोकरीतली माणसं दुकान बायकोच्या नावावर काढत. सल्लागार आधी त्या बायकोलाच खुर्ची देत.

"ताई, कर थकला तर नोटीस तुम्हाला येणार, यांना नाही. चालेल?"

"तिला काय विचारताय? करेल ती सही," एक नवरा म्हणाला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग आज नको."

नवऱ्याने शेजारच्या एजंटाकडून काम उरकलं. हातचं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी हळहळलो.

काही वर्षांनी ती बाई नोटीस घेऊन एकटीच आली. "सगळं माझ्याच नावावर आहे म्हणे."

'मी सांगितलं होतं,' असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.