दिवा विझत नव्हता

नर्मदामैया माझ्यावर रुसली, असं मी धरूनच चालले होते. संध्याकाळी ग्वारीघाटावर मी द्रोणातला दिवा सोडते. सोडला की समोर बघत हात जोडायचे, दिव्यामागे मान वळवायची नाही, ही सासूबाईंची शिकवण. दिलेल्या वस्तूकडे परत काय बघायचं? पूर्वी तो डोळ्याच्या कोपऱ्यातून जाताना दिसायचा. पुढे पुढे जरा बाजूला गेला की गडप. मग मी दुसरा लावायची. डोकं दुखायचं, दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. पण मोतीबिंदू काढून झाला होता, म्हणून डोळ्यांवर संशय आलाच नाही. खोट भक्तीतच शोधत बसले.

एकदा घाटावर सोबत आलेली सून वैतागली. "आई, काहून दिव्यावर दिवे लावून राहिल्या?"

"विझतात ना. मैयाला माझे नको असतील."

शेजारी एक अनोळखी बाई फुलं सोडत होती. "अम्मा, बुझा कहाँ? जल तो रहा है!" म्हणाली आणि सरळ माझी हनुवटी धरून मान वळवली. दिवा चांगला जळत होता. मान समोर केली, पुन्हा गडप. सुनेचा चेहराच उतरला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाजूची नजर तपासली आणि मेंदूचा एमआरआय करायला लावला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्याजवळ, क्वचितच कोणाला होते अशी गाठ नजरेच्या शिरा दाबून बसली होती. कर्करोग नव्हता, पण अशीच राहिली तर अंधार.

"नाकातून काढू," सर्जन म्हणाले.

"डोक्यातली गाठ नाकातून? बघा हं भैया, अक्कल आधीच थोडी आहे, तीही येईल सोबत."

ते हसले. पण नजर किती परत येईल हे सांगता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या सकाळी नाकातली चमकी सुनेकडे दिली. मैयाकडे डोळे मागणार होते, मागितले नाहीत. सोडलेल्या दिव्यामागे मान वळवत नाही, तर डॉक्टरांच्या हाती दिलेल्या डोक्यामागे कशाला वळवू? तेव्हा मन जसं शांत झालं, तसं इतक्या वर्षांच्या पूजेत झालं नव्हतं.

गाठ निघाली. त्या ग्रंथीचं काम करणाऱ्या गोळ्या आता जन्मभर आहेत. असू देत. त्या बाईला घाटावर पुष्कळ शोधलं, दिसली नाही. सून म्हणते, मैयाच आली होती. मला एवढंच आठवतं की तिच्या बोटांना लसणाचा वास होता. मैया स्वयंपाक करून आली असेल.

काल दिवा सोडला, हात जोडले, समोर बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तो बराच वेळ जात राहिला. मान वळवावी लागली नाही.