टीपॉयवर चहा ठेवायचा नाही

दिघीच्या नूरमोहम्मद पॉलिशवाल्याकडे पाहुण्याला चहा मिळायचा, पण कप खाली ठेवायची सोय नव्हती. समोर टीपॉय असे, पण त्यावर मालकानं स्वतःच्या हातानं लाखेचं पॉलिश चढवलेलं. त्याला कुणी बोट लावायचं नाही. त्याची बायको कनीज एकतीस वर्षं कपबशी हातात धरून चहा पीत आली होती आणि नवऱ्याला मनातल्या मनात नावं ठेवत आली होती. मनातल्या मनात म्हणजे शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतपत.

अशा या माणसाला चिंचवडच्या उद्धवरावांनी बोलावलं. कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांच्या डोक्यात होडी शिरली होती. चाकण रोडला पुतण्याच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून त्यांनी ती खरंच उभी केली. आत छोटं केबिन, त्यात दोन बाकं आणि घडीचं टेबल. आता धरणात सोडायची.

"आत लाखच मारायची, नूरभाई. आमच्या झोपाळ्याला मारली तशी."

"लाख पाण्याला भिते, उद्धवराव. ओल लागली की पांढरी पडते. इथं व्हार्निश पाहिजे."

"तुला जमत न्हाई म्हण की. आकुर्डीचा कामरान तयार हाय."

हे मात्र लागलं. कामराननं पॉलिश शिकलं ते नूरमोहम्मदकडेच. नाही म्हणावं तर काम त्याच्याकडे जाणार, आणि लाख मारावी तर महिन्याभरात चाळीस वर्षांचं नाव धरणात बुडणार. पण हट्टी माणसाला समजावत बसणं नूरमोहम्मदच्या स्वभावात नव्हतं. "लाख तर लाख," तो इतक्या गोड आवाजात म्हणाला, की उद्धवरावांना तिथंच संशय यायला हवा होता.

त्यानं फक्त टेबलाला लाख चढवली आणि आठवड्यानं उद्धवरावांना बोलावलं. टेबलात स्वतःच्या मिशा दिसल्यावर स्वारी खूश. नूरमोहम्मदनं टपरीवरून उकळता चहा मागवला आणि ओला ग्लास स्वतःच टेबलावर ठेवला. कनीजनं हे बघितलं असतं तर तिला घेरी आली असती. मग त्यानं झोपाळ्याचा विषय काढला, आणि त्या विषयावर उद्धवराव चहा विसरतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी ग्लास उचलला, तर खाली पांढरं कडं.

"हे काय झालं रं?"

"हा नुसता चहा झाला. धरण अजून व्हायचंय."

मग पिशवीतून तीन फळ्या निघाल्या. तिन्हींवर वेगवेगळं व्हार्निश, आणि तिन्ही आठ दिवस कनीजच्या कपडे भिजवायच्या बादलीत पडलेल्या. एकीचे पापुद्रे सुटले होते. उरलेल्यांपैकी उद्धवरावांनी चकचकीत उचलली.

"चमक आली की तुमचा सांधा न् सांधा बोलायला लागेल," नूरमोहम्मद म्हणाला. फळ्यांचे सांधे किती वाकडे बसलेत ते उद्धवरावांना ठाऊकच होतं. मंद चमकेची फळी ठरली.

टेबलाची लाख घासून काढली. व्हार्निशचा पहिला हात टर्पेंटाइननं पातळ केलेला, म्हणजे लाकूड तो पिऊन घेतं. पुढं रोज एकच हात, आणि प्रत्येक हाताआधी पॉलिश पेपरनं हलकं घासणं. केबिनची दारं उघडी, धूळ उडू नये म्हणून खाली पाणी शिंपडलेलं, आणि मिस्त्री बिनशर्टाचा, कारण कपड्याचा एक तंतू चिकटला तर तो कायमचा. उद्धवराव स्वेटर घालून डोकावले, तर त्यांना भर थंडीत बनियनवर उभं केलं. यातलं थोडं व्हार्निशसाठी होतं, बाकीचं कामरानचं नाव घेतल्याबद्दल.

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी कनीजलाही बोलावणं होतं. थर्मासमधला चहा ग्लासात घेऊन ती सवयीनं हातातच धरून बसली.

"ठेवा की भाभी खाली," उद्धवराव म्हणाले. "ह्याला कायबी होत न्हाई. तुमच्या मालकानंच दाखवलंय."

तिनं ग्लास ठेवला. चहा संपेपर्यंत चारदा उचलला, चारदा ठेवला. मग टेबलावरून तळवा फिरवला. कडं नव्हतं. नूरमोहम्मद खिडकीतून पाण्याकडे फारच लक्ष देऊन बघत होता.

"म्हणजे असं काही मिळत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतही होतं."

पुढच्या रविवारी टीपॉय अंगणात आला. लाख घासून काढताना नूरमोहम्मदला खरंच वाईट वाटत होतं. कनीज दारात खुर्ची टाकून बसली होती.

"किती दिवस लागतील?"

"चार तरी. घाई केली तर खराब होईल."

"मला कसली घाई," कनीज म्हणाली आणि बशीतला चहा फुंकू लागली.